नवा जोडलेला कॉम्प्युटर बंद पडतोय? आधी एक वही घ्या

भाचीने गेल्या दिवाळीत स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला. चौथ्या दिवशी रात्री तिचा फोन आला. "मामा, गेम चालू होता आणि फटकन बंद पडला. ब्लू स्क्रीन नाही, एरर नाही. लाइट गेल्यासारखा." मी विचारलं, किती वाजता? ती म्हणाली, "वेळेचा काय संबंध? रॅम खराब असेल ना?"

रॅम चांगली होती. संबंध वेळेचाच होता. तो कसा सापडला ते विजेच्या भागात सांगतो.

जुना कॉम्प्युटर बिघडला तर निदान एवढं माहीत असतं की कालपर्यंत तो नीट चालत होता. म्हणजे काल-परवा काय बदललं तेवढं शोधायचं. नव्या मशीनला असा "काल" नसतोच. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस (भिंतीतली वीज सगळ्या पार्टना पुरवणारा डबा), ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, विंडोज, ड्रायव्हर (विंडोज आणि पार्ट यांची गाठ घालून देणारं सॉफ्टवेअर) आणि घरातली वीज, सगळे पहिल्यांदाच एकत्र आलेले असतात आणि कुणाचीच खात्री नसते. म्हणून अंदाजाने पार्ट बदलत बसू नका. एकेकाला संशयातून मोकळं करत जा. याला वेळ लागतो, पण पैसे वाचतात, आणि दुकानात गेल्यावर "बहुतेक रॅमच असेल" असं न म्हणता ठामपणे बोलता येतं.

वहीत काय लिहायचं

साधी शाळेची वही चालेल. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी हरकत नाही, पण कागदावर सगळं एका नजरेत दिसतं. प्रत्येक वेळी मशीन बंद पडलं की चार गोष्टी लिहायच्या: तारीख आणि वेळ, तेव्हा काय चालू होतं, स्क्रीनवर नेमकं काय दिसलं, आणि मागच्या नोंदीनंतर तुम्ही काय बदललं. एरर आली तर मोबाइलने फोटो काढा. "काहीतरी मेमरीचं होतं" ही नोंद कामाची नाही, शब्द जसेच्या तसे हवेत.

आणि एक नियम मनापासून पाळा. एका वेळी एकच बदल करायचा.

माझं पहिलं मशीन असंच अधूनमधून बंद पडायचं. एका रविवारी बसून मी रॅम काढून घातली, बायॉस (मदरबोर्डमधलं, विंडोजच्या आधी सुरू होणारं सॉफ्टवेअर) अपडेट केला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला आणि विंडोजही नव्याने टाकलं. दोन आठवडे मशीन सुरळीत चाललं, मग पुन्हा बंद पडायला लागलं. चारपैकी कशामुळे ते दोन आठवडे चांगले गेले हे मला कधीच कळलं नाही, कारण कळायची सोय मीच ठेवली नव्हती. तेव्हापासून वही.

कॅबिनेट उघडण्याआधी एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. आतल्या पार्टला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

डिस्प्लेच येत नसेल तर

पंखे फिरतात, लाइट लागतात, मॉनिटर काळा. नव्याने जोडणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी धास्ती असते, आणि बहुतेक वेळा कारण अगदी साधं निघतं.

मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते आधी बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डालाच लागली पाहिजे. मदरबोर्डच्या मागचं एचडीएमआय दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी "एफ" आहे त्यांत डिस्प्लेची सोयच नसते. रायझन ५००० मालिकेत नावात "जी" नसलेल्या प्रोसेसरचंही तेच. अशा वेळी मदरबोर्डच्या पोर्टमधून डिस्प्ले कधीच येणार नाही.

मग पॉवरच्या दोन जोडण्या तपासा. २४ पिनांची जाड केबल बहुतेकांच्या लक्षात राहते. प्रोसेसरची ८ पिनांची केबल मात्र मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लपलेली असते आणि तीच विसरते. दोन्ही केबल "टक" असा आवाज येईपर्यंत दाबलेल्या हव्यात.

रॅमच्या दोनच पट्ट्या असतील तर चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. बोर्डाच्या पुस्तिकेत खात्री करून घ्या. पट्टी बसवताना हात हलका ठेवणं ही नव्या माणसाची सवय असते, ते साहजिक आहे, पण रॅमला जोर लागतोच. एक टोक बसलंय आणि दुसरं अर्ध्या मिलिमीटरने वर राहिलंय, असं मी कितीतरी मशीनमध्ये पाहिलंय. डोळे स्लॉटच्या पातळीवर आणून बघा. सोनेरी पट्टीची कड एका बाजूला जास्त दिसत असेल तर ती पट्टी नीट बसलेली नाही.

आजकालच्या बऱ्याच मदरबोर्डांवर कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. मशीन चालू होताना ते एकामागून एक लागून विझतात. जो विझत नाही, त्याच्यापाशी गाडी अडलेली असते. हे चार दिवे म्हणजे फुकटचा मेकॅनिक आहे, कॅबिनेट बंद करण्याआधी ते कुठे आहेत ते शोधून ठेवा.

डीडीआर५ रॅम असेल तर एक गोष्ट आवर्जून सांगतो. पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. हे काही मिनिटं चालू शकतं आणि तोवर स्क्रीन पूर्ण काळी राहते. घाबरून दोन-दोन मिनिटांनी बटण दाबून बंद केलंत तर तेच काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. घड्याळ लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा.

तरीही काही होत नसेल तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायॉसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणा. वायर काढून बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवायची, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना काही सेकंद जोडायच्या. प्रोसेसर बोर्डापेक्षा नव्या पिढीचा असेल तर बोर्डाचा बायॉस त्याला ओळखत नसेल, हीही शक्यता धरा. जुन्या बी४५० बोर्डांना रायझन ५००० साठी बायॉस अपडेट लागायचा, आणि आधी बनलेल्या बी६५० बोर्डांना रायझन ९००० साठी लागतो. बोर्डाच्या मागच्या बाजूला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेन ड्राइव्हवरून हे काम डिस्प्लेशिवायही होतं. मात्र अपडेट चालू असताना लाइट जाता कामा नये. यूपीएस नसेल तर शेजाऱ्याचा आणा, पण त्याशिवाय करू नका.

यातल्या कशानेच जमलं नाही तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी, एसएमपीएस, आणि प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले नसेल तर ग्राफिक्स कार्ड, एवढंच जोडा. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या की मशीन सुरू होतं. बाहेर चालतंय आणि कॅबिनेटमध्ये चालत नाही, तर बोर्डाखाली एखादा जास्तीचा पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर उचलून धरणारा छोटा खुंट) राहिलाय का ते बघा. बोर्डाला जिथे स्क्रूचं भोक नाही तिथे तो असला तर बोर्डाला मागून शॉर्ट करतो.

बंद पडण्याचे प्रकार ओळखा

डिस्प्ले आला, विंडोज टाकलं, आणि मग मशीन बंद पडायला लागलं. "क्रॅश होतो" या एका शब्दात चार वेगळे आजार मावतात, ते वेगळे करा.

लाइट गेल्यासारखं एकदम अंधार होऊन बंद पडणं किंवा लगेच रिस्टार्ट होणं: संशय आधी विजेवर आणि एसएमपीएसवर, मग तापमानावर. कोड दाखवणारी स्क्रीन येणं: रॅम, ड्रायव्हर, कधी प्रोसेसर. फक्त गेम किंवा एखादं सॉफ्टवेअर बंद होऊन डेस्कटॉप दिसणं: सॉफ्टवेअर स्वतः, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, आणि हे रोज वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये होत असेल तर पुन्हा रॅम. चित्र गोठणं, माउस हलत नाही आणि आवाज एकाच सुरावर अडकलाय: रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा एसएसडी.

कोडची ती स्क्रीन वर्षानुवर्षं निळी होती. २०२५ पासून विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ती काळी दिसते, पण खाली कोड असतोच. ती क्षणात निघून जात असेल तर सिस्टिमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये "स्टार्टअप अँड रिकव्हरी"मध्ये जाऊन "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट" समोरची खूण काढून टाका.

आता इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडा आणि विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम बघा. लाल खुणेची "कर्नल-पॉवर ४१" अशी नोंद दिसेल आणि तुम्हाला वाटेल की सापडलं. ही नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. चोरी झाल्यावर सकाळी आलेला हा वॉचमन आहे, त्याने चोर पाहिलेला नाही. पण त्याच नोंदीच्या डिटेल्समध्ये "बगचेक कोड" अशी ओळ असते, ती मोलाची आहे. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही सवड मिळाली नाही, म्हणजे बहुधा वीज तुटली किंवा मशीन पूर्ण गोठलं. आकडा असेल तर तो दशमान पद्धतीत असतो आणि स्क्रीनवरचा कोड षोडशमान (हेक्साडेसिमल, १६ च्या गटाने मोजणारा), त्यामुळे दोन्ही जुळत नाहीत आणि लोक गोंधळतात. डिटेल्समध्ये २९२ म्हणजे स्क्रीनवरचा १२४, आणि २७८ म्हणजे ११६. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रॅमर मोड लावला की हा हिशोब चुटकीसरशी होतो.

सगळ्या नोंदी तारखेनुसार एका पानावर पाहायच्या असतील तर स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" टाइप करा. रिलायबिलिटी हिस्टरी उघडेल. नव्याने शिकणाऱ्याला इव्हेंट व्ह्यूअरपेक्षा ही जागा जास्त सोपी वाटते, आणि तुमच्या वहीशी ताडूनही बघता येते.

काही कोड वारंवार भेटतील. "मेमरी मॅनेजमेंट", "पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया" आणि "आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल" दिसले तर आधी रॅम तपासा. शेवटचा एखाद्या वाईट ड्रायव्हरमुळेही येतो. "व्हीआ अनकरेक्टेबल एरर" म्हणजे हार्डवेअरनेच तक्रार नोंदवलीय, तिथे प्रोसेसर, त्याचं व्होल्टेज, ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) आणि तापमान बघायचं. "व्हिडिओ टीडीआर फेल्युअर" म्हणजे ग्राफिक्स कार्डने ठरलेल्या वेळात उत्तर दिलं नाही आणि सावरायचा प्रयत्नही फसला. विंडोज ही वाट मुळात दोनच सेकंद बघतं. "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणजे विंडोज असलेली डिस्क सापडत नाही.

कोड म्हणजे निकाल नव्हे, साक्षीदार आहे. एकच कोड पुन्हा पुन्हा येत असेल तर बोट बऱ्याचदा एखाद्या ड्रायव्हरकडे असतं. दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर रॅमचा संशय बळावतो, कारण खराब रॅम समोर जे येईल ते बिघडवते.

रॅम: इथे घाई नको

रॅमच्या खोक्यावर ६००० किंवा ३२०० असा मोठा आकडा छापलेला असतो. बरीचशी रॅम आपणहून त्या वेगाने चालत नाही. डीडीआर५ साधारण ४८०० पासून सुरू होते. खोक्यावरचा वेग मिळवायला बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही प्रोफाइल चालू करावी लागते. ही प्रोफाइल खरं तर ओव्हरक्लॉकच असते. डीडीआर४ ला मुळात १.२ व्होल्ट पुरतात, अशा प्रोफाइलमध्ये बऱ्याचदा १.३५ व्होल्ट दिले जातात. रॅम तेवढं सोसते, पण प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरलाही ते झेपावं लागतं, आणि प्रत्येक प्रोसेसर सारखा नसतो. चार पट्ट्या लावल्या तर डीडीआर५ वर ते आणखी अवघड होतं. ३२ जीबी हवी असेल तर १६ च्या दोन पट्ट्या एकाच पाकिटातल्या घ्या. आज दोन, सहा महिन्यांनी दोन, असं करू नका. नाव तेच असलं तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात.

म्हणून रॅमच्या तपासणीतली पहिली पायरी म्हणजे बायॉसमध्ये जाऊन प्रोफाइल बंद करायची आणि दोन-तीन दिवस तसंच वापरायचं. क्रॅश थांबले तर पट्टी खराब असेलच असं नाही, जमत नाहीये तो वेग. बायॉस अपडेट करून प्रोफाइल पुन्हा लावून बघा. तरी जमलं नाही तर ६००० ऐवजी ५६०० ठेवा. रोजच्या वापरात तो फरक जाणवणार नाही, स्थिरता मात्र रोज जाणवेल.

दुसरी पायरी मेमटेस्टची. मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते पेन ड्राइव्हवर टाकायचं आणि त्यावरूनच बूट करायचं, विंडोज मध्ये येतच नाही. रात्री जेवण झाल्यावर लावा आणि झोपा. निदान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. सकाळी एरर शून्य असल्या पाहिजेत. एक लाल ओळ दिसली तरी ती चालणार नाही. "एवढ्या अब्जावधी तपासण्यांत एकच तर चुकली" असं मनाला समजावू नका. ती एक चूक उद्या तुमच्या फोटोंच्या फाइलमध्ये जाऊन बसते आणि वर्षभराने फोटो उघडतच नाही.

एरर आल्या तर वहीत चार खणांचा तक्ता काढा. आडव्या ओळीत पट्टी एक आणि पट्टी दोन, उभ्या ओळीत दोन स्लॉट. प्रत्येक वेळी एकच पट्टी एकाच स्लॉटमध्ये घालून मेमटेस्ट लावायची, चारही जोड्या होईपर्यंत. एकच पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये नापास झाली तर पट्टी दोषी. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये नापास झाल्या तर बोर्ड दोषी, किंवा प्रोसेसर सॉकेटमध्ये नीट बसलेला नाही. चारही खणांत एरर आल्या तर प्रोफाइल खरंच बंद आहे ना ते बघा. चार रात्री जातील, पण या तक्त्यासमोर कुणाचं काही चालत नाही.

वीज: आपल्याकडचा मोठा संशयित

परदेशी व्हिडिओंमध्ये याबद्दल फारसं ऐकायला मिळत नाही, म्हणून इथे थोडं सविस्तर.

कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी पायाने हात लावला की मुंग्या येतात का? मग भिंतीतल्या स्विचबोर्डात अर्थिंग नाही, किंवा ते कुठेतरी तुटलंय. एसएमपीएसच्या आत आवाज गाळणारे कपॅसिटर लाइनपासून आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की पत्र्यावर सुमारे निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. त्यात करंट फार थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण यूएसबी मध्येच तुटणं, स्पीकरमध्ये गुणगुण, कधी पोर्ट जळणं, हे सगळं यातून होऊ शकतं. शिवाय उद्या आत खरोखर काही शॉर्ट झालं तर फ्यूज उडायच्या आधी तुमचा हात तिथे असेल. तीन पिनांच्या वायरला दोन पिनांचं कन्व्हर्टर लावून काम चालवू नका. इलेक्ट्रिशियन बोलवा.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर "यूपीएस मोड" आणि "नॉर्मल" किंवा "इको" असा स्विच आहे का ते बघा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो आणि नॉर्मल मोडमध्ये जास्त घेतो. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, त्यापुढे नाही. पंखा आणि ट्यूबला तो खंड कळत नाही, कॉम्प्युटर मात्र रिस्टार्ट होतो. स्विच यूपीएस मोडवर टाकला की अनेकांची तक्रार तिथेच मिटते.

यूपीएसवरच्या आकड्याचंही नीट समजून घ्या. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे. असे बरेच यूपीएस ३६० वॉटच्या आसपास पेलतात. गेम चालू असताना मोठ्या ग्राफिक्स कार्डाचं मशीन आणि मॉनिटर मिळून सहज त्याच्या वर जातात. मग लाइट गेली की यूपीएस पीं करून सरळ बंद. "यूपीएस असूनही बंद पडतो" यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

आता भाचीच्या मशीनचं. तिची वही काही दिवसांनी फोनवरच वाचून घेतली. सोमवार, सात वाजून पाच मिनिटं. मंगळवारी काही नाही. बुधवार, सात दहा. गुरुवारी काही नाही. शुक्रवार, सातला. मेमटेस्ट तिने दोन रात्री लावला होता, एरर शून्य. तापमान ठीक. बगचेक कोड तिन्ही वेळा शून्य. मी विचारलं, "सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी तुमच्याकडे काय असतं गं?" मागून ताईचा आवाज आला, "पाणी असतं. एक दिवसाआड येतं ना."

नळाला पाणी आलं की ताई खालच्या टाकीतून वर पाणी चढवायला मोटर लावायची. इलेक्ट्रिशियनने कॉम्प्युटरच्याच स्विचबोर्डात मीटर लावलं आणि मोटर चालू करायला सांगितलं. आकडा २२६ वरून एकदम १७० च्या घरात आला आणि मग सावरला. जुन्या घरातली एकच बारीक वायर, तिच्यावरच मोटर आणि तिच्यावरच ही खोली. एसएमपीएसच्या लेबलवर स्पष्ट छापलेलं होतं, २०० ते २४० व्होल्ट. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. मोटरला मीटरपासून वेगळी वायर टाकली आणि त्या दिवसापासून वहीत नवी नोंद नाही. वही नसती तर तिने आधी रॅम बदलली असती, मग एसएमपीएस, मग बोर्ड.

एसएमपीएसच्या केबलकडेही बघा. ग्राफिक्स कार्डाला दोन ८ पिनांचे सॉकेट असतील तर एकाच केबलचे दोन फाटे न लावता दोन वेगळ्या केबल लावा. नव्या कार्डांवरचा १६ पिनांचा छोटा कनेक्टर शेवटपर्यंत आत गेलाच पाहिजे. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० वर असे कनेक्टर वितळल्याची प्रकरणं गाजली, तेव्हा अर्धवट बसलेली जोडणी हे त्यातलं एक मोठं कारण निघालं. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या मॉडेलला लावू नका. पिना बसतात, पण आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि मग एसएसडी जळते.

तापमान

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाका आणि नुसतं डेस्कटॉपवर किती, गेममध्ये किती, ते लिहा. नुसत्या डेस्कटॉपवरच प्रोसेसर ८०-९० ला जात असेल तर कूलर काढून खालची पारदर्शक फिल्म सोलली आहे का ते बघा. ती राहून जाते. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण ताणात ९५ अंशांपर्यंत जाणारच, ती त्यांची आखलेली मर्यादा आहे. पण नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० च्या वर असते, तेव्हा कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका. कॅबिनेटची बाजूची झाकणं उघडून क्रॅश थांबतात का ते बघणं ही फुकटची आणि चांगली चाचणी आहे.

ग्राफिक्स, एसएसडी आणि एक खास प्रोसेसर

ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय असेल तर विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर पुसून काढणारं सॉफ्टवेअर) चालवून जुना ड्रायव्हर मुळापासून काढा, मग कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा घ्या. प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले असेल तर कार्ड काढून ठेवून दोन दिवस मशीन वापरा. क्रॅश थांबले तर दिशा मिळाली. एसएसडीसाठी तिची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर पुरे, "गुड" ऐवजी "कॉशन" दिसलं की आधी बॅकअप घ्या आणि मगच पुढचं बोला.

इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीचे ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसर घेतले असतील तर हे वाचाच. त्यांत चुकीच्या जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर हळूहळू खराब होतो हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोड (बायॉसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या दुरुस्त्या) आणले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गेम सुरू होताना ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपल्याची एरर येते आणि कार्ड मात्र ठणठणीत असतं, हे त्याचं नेहमीचं लक्षण. नवा बायॉस पहिल्याच दिवशी टाका. मायक्रोकोड पुढचं नुकसान रोखतो, झालेलं भरून काढत नाही.

विंडोज शेवटी

"विंडोज मारून बघू" हा आपल्याकडचा पहिला उपाय असतो. माझ्या मते तो शेवटचा असावा. जुन्या मशीनची डिस्क तशीच नव्यात लावली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे नवं विंडोज टाकणंच योग्य. एरवी आधी चिपसेटचे ड्रायव्हर मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरच्या पानावरून घ्या, मग ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून सिस्टिम फाइल चेकर (विंडोजच्या बिघडलेल्या फाइल शोधून दुरुस्त करणारं साधन) चालवा.

तरी सॉफ्टवेअरला पूर्ण निर्दोषही धरू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन ब्लू स्क्रीनवर आणली, विमानतळांपासून बँकांपर्यंत. त्यातल्या एकाही मशीनची रॅम त्यासाठी बदलावी लागली नाही. नव्या मशीनवर दोन-दोन अँटिव्हायरस, दिवे रंगवणारी तीन-तीन सॉफ्टवेअर टाकली असतील तर ती काढून बघा. हा बदलही वहीत लिहा.

दुकानात जाताना

हे सगळं पहिल्या आठवड्यातच करा. बदलून मिळण्याची मुदत बऱ्याच दुकानांत थोडे दिवसच असते, त्यानंतर कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि आठवडेच्या आठवडे. लॅमिंग्टन रोडवरून घेतलं असो, पुण्याच्या तपकीर गल्लीतून असो की ऑनलाइन, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर आहे ना ते बघा. पार्ट बसवण्याआधीच त्यांच्या स्टिकरचे फोटो काढून ठेवा, कारण कूलरखाली गेलेल्या प्रोसेसरचा नंबर नंतर वाचता येत नाही. खोकी महिनाभर तरी रद्दीत देऊ नका.

काउंटरवर "कॉम्प्युटर चालत नाही" असं सांगितलंत तर मशीन ठेवून जा म्हणतील. त्याऐवजी वही उघडून चार खणांचा तक्ता आणि मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो समोर ठेवा, आणि फक्त ती एक पट्टी पुढे करा. दोन पट्ट्यांचं पाकीट असेल तर दोन्ही द्याव्या लागतात, तेही लक्षात असू द्या. बदलून मिळालेली रॅम त्याच रात्री पुन्हा चार फेऱ्या मेमटेस्टमधून काढा, आणि सकाळचा निकाल तारखेसकट लिहा.